पंख्याच्या हुकाला टांगलेला कॅमेरा

१

कॅसेट आत गेली, व्हिडिओनं ती गपकन गिळली आणि पडद्यावर मुंग्या आल्या.

"येतंय आता," पद्मजा म्हणाली. "सुरुवातीला असंच असतंय."

पाच मिनिटं झाली, दहा झाली. झरीच्या तात्यारावांची बैठक, भर दुपारी दार लावून घेतलेलं, टेबलावर भाड्यानं आणलेला रंगीत टीव्ही, सतरंजीवर शेजारच्या चार बाया, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. परभणीहून व्हिडिओ घेऊन आलेल्या माणसानं कॅसेट पुढं पळवली, मागं पळवली, बाहेर काढून फुंकर मारली, परत घातली. शेवटपर्यंत काही नाही. "ताई, कोरी हाय ही," तो म्हणाला, आणि चूक आपलीच असल्यासारखा खाली मान घालून वायर गुंडाळायला लागला.

बाया एकेक करून उठल्या. पद्मजा रडली नाही. तिनं कॅसेट हातात घेतली आणि पाठीवरचं लेबल मामांच्या पुढं धरलं. निळ्या शाईत, रंगाऱ्याच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'कै. बन्सीधर तात्याराव. गाडीचे शूटिंग. १८ फेब्रुवारी १९९०.'

"हे काय मग, मामा? लिवलंय की इथं. मग आतला माणूस कुठं गेला?"

मामा म्हणजे जिंतूरचे माणिकराव. एसटीत तीस वर्षं तिकीट तपासनीस, आता निवृत्त. त्यांना लांबून पाहून भल्याभल्या फुकट्यांनी चालत्या गाडीतून उड्या टाकलेल्या. गंमत अशी की माणिकराव तिकीट कधी मागतच नसत. कुठं बसलात, शेजारी कोण होतं, गाडी मधी कुठं थांबली, असलं बिनकामाचं विचारत बसायचे. खरा प्रवासी वैतागायचा आणि खोटा घामाघूम व्हायचा. तेवढ्यावर काम भागायचं.

बन्सीधर हा पद्मजाचा नवरा, तात्यारावांचा एकुलता एक. घरची चाळीस एकर सोडून या गड्याला वेड गाड्यांचं. नांदेडच्या भंगारातून दोन दारांची एक जुनी गाडी उचलून आणली, तिचं टप कापलं, बूड खाली घेतलं, लाल रंग मारला, आणि झरीच्या रस्त्यावर स्पोर्ट्स कार धावायला लागली. म्हशी बुजायच्या, म्हातारे शिव्या घालायचे. मद्रासकडं मोठी शर्यतीची सडक आहे, तिच्यावर एकदा गाडी घालायची, एवढंच त्याचं मागणं होतं. गेल्या आषाढात कावीळ झाली आणि सतरा दिवसांत गेला. गाडीनं केसाला धक्का लावला नाही, कावीळ घेऊन गेली. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं होतं.

"मामा, फोटू हायत माझ्यापाशी," पद्मजा हळू म्हणाली. "चेहरा कुठं जात न्हाई. आवाज चाललाय. दिवाळीपर्यंत कानात होता. आता काढायला गेले तर दुसऱ्याच कुणाचा तरी येतोय. ह्या एका कॅसेटीत ते बोललेत. बाकी कुठंच न्हाई."

माणिकरावांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची कमलबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. रोज दुपारी खाटेवर पडलं की ते तिचं 'अहो, ऐकलं का' आठवून बघायचे, आणि ते त्यांच्याच आवाजात यायचं. ह्या गोष्टीचा त्यांना मनातून फार राग यायचा.

त्यांनी कोपऱ्यात बसलेल्या तात्यारावांकडं पाहिलं. "तात्याराव, ही कॅसेट घरात आली कशी?"

"बन्सीनंच आणली. मार्चात," तात्याराव बंद टीव्हीकडं बघत म्हणाले. "ठेवायला म्हणून माझ्यापाशी दिली. त्यो गेल्यावर सुनेला दिली मी."

"मी तवा जिंतूरला होते, आईच्या आजारपणात," पद्मजा म्हणाली. "शूटिंग बी बघितलं न्हाई अन् कॅसेट आलेली बी न्हाई."

माणिकरावांनी कॅसेट पिशवीत टाकली आणि चपला घातल्या.

२

लिंबाजीचं दुकान म्हणजे पाण्याच्या मोटारी आणि छताचे पंखे दुरुस्त करायची टपरी. बन्सीधरची गाडी यानंच कापली, यानंच जोडली. मुंग्यांची बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. त्यानं स्टूल पुसून दिलं आणि स्वतः उभाच राहिला.

माणिकरावांनी कॅसेटचं नाव काढलं नाही. "लिंबाजी, धावत्या गाडीत कॅमेरा बसवलास कसा रे?"

लिंबाजीचा चेहरा जरा सैल झाला. "मामा, तेच तर मोठं कोडं व्हतं. आधी सुतळीनं डॅशबोर्डावर बांदला. इंजन चालू केलं की चित्राला हिवताप. मग शेजारच्या सीटवर सरकीचं पोतं ठेवलं, त्याच्यात रुतवला. पहिल्याच वळणावर पोतं आडवं अन् कॅमेरा बन्सीभाऊच्या मांडीत. अन् भाऊचं एकच चालू, लिंबाजी, माझे हात दिसले पायजेत, रस्ता दिसला पायजे अन् माझं बोलणं ऐकू आलं पायजे."

"बोलणं कामून?"

"मद्रासच्या एका शर्यतीवाल्यानं पत्र लिवलं व्हतं. गाडीच्या आतून शूटिंग करून पाठव. ब्रेक कुठं मारतोस, गिअर कुठं बदलतोस, तोंडानं सांगत चालव. पसंत पडलं तर माझ्या गाडीवर बसवतो म्हनला. भाऊला चार दिवस झोप न्हाई."

"मग?"

"मग माझ्या डोक्यात आलं, आमी जिंदगीभर काय केलं? पंखे टांगले. पंखा एवढा गरगर फिरतो, पण छत हालतंय का? न्हाई. हुकात रबर असतंय. भाऊच्या डोक्यामागं लोखंडी कमान व्हती, गाडी उलथली तर मान वाचावी म्हणून. तिला पंख्याचा हुक वेल्डिंग केला, रबर घातलं, वीतभर दांडी, अन् कॅमेरा टांगला. पण कॅमेऱ्याला नट बसायचं भोक एकच, ते बी बुडाला. म्हणून बूड वर अन् डोकं खाली."

"म्हणजे चित्र उलटं येणार."

"येऊ द्या की. टीव्ही उलटा करून बगायचा. थरथर तर गेली," लिंबाजी मनापासून म्हणाला.

पिंगळीच्या पलीकडं कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगचं आवार होतं. तिथं डांबराचे रिकामे ड्रम मांडून, चुना टाकून वळणं केली होती. शूटिंग करायला परभणीचा सूर्यभान आला होता, लग्नांची शूटिंग करतो तो. "त्याला लय ऊन लागायलं व्हतं. त्यो सावलीत बसला. कॅसेट मीच टाकली, बटन मीच दाबलं. चार फेऱ्या झाल्या, पाच मिनिटांच्या आत."

"नंतर तू पाहिलीस का ती?"

लिंबाजीनं हातातला पाना खाली ठेवला. "कुठली? होळीला बन्सीभाऊ ह्याच स्टुलावर येऊन बसला. म्हनला, लिंबाजी, कॅसेट खराब निघाली. सूर्यभान म्हणतो चित्र धरलंच न्हाई. पावसाळा झाला की परत करू. मामा, वर्ष झालं, मला वाटतंय माझ्या त्या उलट्या टांगण्यानंच घात केला. पंखा बसवताना दहादा हुक तपासतो मी."

"बन्सीनं मार्चात कॅसेट घरी आणली म्हणतात तात्याराव."

"होळी मार्चातच व्हती, मामा. भाऊचे हात रिकामे व्हते."

माणिकराव उठले. दोघं एकाच गाडीत बसलो म्हणतात आणि गाडी थांबल्याच्या जागा वेगवेगळ्या सांगतात, अशी माणसं त्यांनी हजारांनी पाहिली होती. दोघांतला एक जण बिनतिकिटाचा असणार.

३

सूर्यभान स्टुडिओत गणपती काढत होता. म्हणजे एका पाटावर गणपतीची तसबीर, तिला जास्वंद, पुढं नारळ, बाजूला थर्माकोलची अक्षरं, 'चि. सौ. कां.' वगैरे, आणि समोर तीन पायांवर कॅमेरा. माणिकराव दारात दिसल्यावर त्यानं बटन बंद केलं.

"काम चालू दे," माणिकराव बाकावर बसत म्हणाले. "लग्न तर होऊन गेलं असंल. आता गणपती कशाला?"

"मामा, आमच्या धंद्याची रीत हाय ती. लग्नाच्या दिवशी गणपती मांडायला फुरसत कुणाला? म्हणून कॅसेट कोरी असो की जुनी, सुरुवातीची पाच मिनिटं मोकळी सोडायची. पुढं पळवायची अन् मग लग्नाला हात घालायचा. मागाहून निवांत त्या मोकळ्या जागेत गणपती, पत्रिका, नवरा-नवरीची नावं भरायची. तवा गिऱ्हाईकाच्या हातात कॅसेट."

"मोठा शिस्तीचा माणूस हायस. लेबलं बी तूच लिहितोस?"

"तसबिरीवरची नावं बी मीच रंगवतो. लेबल लावल्याबिगर मी कॅसेट कपाटात ठेवत न्हाई."

"बन्सीधरची कॅसेट खराब निघाली म्हणे."

सूर्यभाननं नारळ उगाच सरळ केला. "निघाली, काय करता. उलटा टांगला होता कॅमेरा. मुंग्या आल्या नुसत्या. पण आठवण म्हणून भाऊला देऊन टाकली, मार्चात."

आता सूर्यभान आणि तात्याराव एका बाजूला झाले आणि लिंबाजी एकटा पडला. दुसरा कोणी असता तर इथंच उठला असता.

"लेबल कधी लावलंस?"

"त्याच दिवशी. अठरा फेब्रुवारीला. तारीख हाय की त्याच्यावर."

माणिकरावांनी पिशवीतून कॅसेट काढून त्याच्या पुढं धरली. "वाच बरं. मोठ्यानं वाच, माझा चष्मा ऱ्हायला घरी."

सूर्यभान वाचायला लागला. पहिल्याच अक्षरावर तो अडला.

"जिवंत माणसाच्या नावामागं कुणी कै. लावत न्हाई," माणिकराव म्हणाले. "फेब्रुवारीत बन्सी पिंगळीच्या मैदानात गाडी पळवत होता. मार्चात होता, ज्येष्ठात होता. हे लेबल आषाढानंतरचं हाय. माणूस गेला की आपला हात आपोआप कै. लिहितो, तसा तुझा बी लिहिला. बन्सीला तू काही दिलं न्हाईस. तो गेल्यावर कोऱ्या कॅसेटीला लेबल लावून कुणालातरी दिलंस. कुणाला?"

"मामा, मी पोटार्थी माणूस. माझ्यावर येऊ नका," सूर्यभान कसाबसा म्हणाला. "ज्यानं पुसायला सांगितली त्यानंच खोटी बी करून घेतली."

"म्हणजे खरी चांगली निघाली होती?"

"लय चांगली निघाली होती."

४

तात्याराव घराबाहेरच्या कडुनिंबाखाली बसले होते. माणिकराव शेजारी बसले. थोडा वेळ कापसावर बोलणं झालं. मग माणिकरावांनी विचारलं, "पद्मजा ती कॅसेट कुठं ठेवायची हो रात्री?"

"उशाखाली."

"तुमाला कसं माहीत?"

"सकाळी अंथरूण काढताना दिसायची की. रोज."

"अकरा महिने, रोज?"

तात्यारावांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. त्यांचा खालचा ओठ हलायला लागला आणि थांबेना. ताठ माणूस. सबंध झरीत त्यांच्याशी उलट बोलायची कुणाची टाप नव्हती. त्यांना असं बघायला माणिकरावांना बरं वाटलं नाही.

"सूर्यभान सांगायला आला होता, फेब्रुवारीत," ते म्हणाले. "कौतुकानं आला होता बिचारा. म्हनला, आबा, पोरगं अस्सल शर्यतीवालं हाय, मद्रासवाला डोळे झाकून घेतोय. एकुलतं एक लेकरू. गाडी घेऊन गेलं की येईस्तवर मला घास जायचा न्हाई. मी म्हनलं, आताच्या आता पूस ती. अन् बन्सीला सांग खराब निघाली. माझं ऐकलं त्यानं, माझ्या शेतावरच त्याचा बाप होता. मला वाटलं एक वर्ष निघून जाईल, खूळ बी जाईल. वर्ष निघालं न्हाई, पोरगंच गेलं."

"अन् खोटी?"

"पोरगी जेवंना. एकच धोशा, आबा, ह्यांनी गाडीत शूटिंग केलं होतं, ते कुठंय, ते आणा. आता कुठून आणू? घरात व्हिडिओ न्हाई. म्हनलं, उशाला घेऊन झोपंल, तेवढंच समाधान. भाड्यानं व्हिडिओ मिळतो हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. ते मद्रासला गेलं असतं तर परक्या मुलखात कावीळ झाली असती का, ह्याचा इचार करतो मी रात्रंदिस. झाली असती, न्हाई बी झाली असती."

दारातून पद्मजा बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आबा, तुमी पुसलंत?"

"हाव," म्हातारा म्हणाला.

ती आत गेली. भांडी आपटली नाहीत, दार आपटलं नाही. थोड्या वेळानं कपड्यांची पिशवी घेऊन आली. "मामा, मला जिंतूरला घेऊन चला. मी इथं ऱ्हात न्हाई आता. ह्यांनी दोनदा मारलं त्यांना."

माणिकरावांनी भाचीच्या हातातली पिशवी घेतली. "चल. पण आधी परभणीला उतरायचंय. सूर्यभानला एक विचारायचं ऱ्हायलंय."

एसटी आली. दोघं पुढच्या बाकावर बसले. गाडी सुटता सुटता तात्याराव चढले आणि कुणाकडं न बघता सगळ्यात मागं जाऊन बसले.

५

"पुसली म्हणजे नेमकं काय केलंस?" माणिकरावांनी स्टुडिओत पाऊल टाकताच विचारलं.

सूर्यभाननं हात जोडले. "लेबल सोलून टाकलं अन् बॅगेत फेकली. पुसायचं वेगळं काय असतंय, मामा? वरून दुसरं शूटिंग केलं की आधीचं जातंय. लग्नसराई होती. बॅगेत तीन कॅसेटी होत्या, दोन कोऱ्या अन् ती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तीन लग्नं केली. कुठल्या लग्नाला कुठली लागली, देवालाच मालूम."

"म्हणजे कुठल्यातरी लग्नाखाली बन्सी गेला. तिन्हींची सुरुवात पाच मिनिटं सोडूनच केलीस?"

"ते तर हाताला वळणच हाय."

"अन् बन्सीची फेरी?" माणिकराव पद्मजाकडं वळले. "पोरी, इथं नीट ऐक. बन्सीची कॅसेट सूर्यभाननं चालू केली न्हाई. तो सावलीत होता. लिंबाजीनं केली. लिंबाजी पंखेवाला, त्याला गणपतीची रीत काय माहीत? त्यानं कॅसेट टाकली अन् पहिल्या सेकंदापासून बटन दाबलं. चार फेऱ्या, पाच मिनिटांच्या आत. म्हणजे बन्सीधर सगळाच्या सगळा सूर्यभानच्या मोकळ्या सोडलेल्या जागेत बसला होता. लग्नाचा त्याला धक्काच लागला न्हाई."

पद्मजाच्या तोंडावर क्षणभर रंग आला. सूर्यभाननं मान हलवली. "पण मामा, त्याच जागेत मी नंतर गणपती भरतो ना. पाचही मिनिटं भरतो."

पद्मजा भिंतीला टेकली. बाहेर रस्त्यावर उभे असलेले तात्याराव उन्हात तसेच उभे होते.

"तिन्हींना भरलास?" माणिकरावांनी विचारलं.

सूर्यभान पळत जाऊन नोंदवही घेऊन आला. "दोन मार्च, देशमुखांचं. गणपती केला. चार मार्च, मोंढ्यातल्या आडत्याचं. केला. सात मार्च, भुजंगराव गुरुजींच्या लेकीचं. मामा, ती बौद्धांची माणसं. त्यांचं लग्न बुद्धाला अन् बाबासाहेबांना हार घालून सुरू होतंय, त्रिशरण होतंय, ते मी लग्नातच घेतलं होतं. गणपतीचा प्रश्नच न्हवता. गुरुजींनी त्याच दिवशी कॅसेट मागून घेतली, सुरुवातीच्या जागेत मी काही भरलंच न्हाई."

"मग त्या कॅसेटीच्या पहिल्या पाच मिनिटांत काय असंल?"

"काय असणार? कोरी असंल तर मुंग्या."

"अन् कोरी नसंल तर?" माणिकराव म्हणाले, आणि पद्मजा कुणाची वाट न बघता रस्त्यावर उतरली सुद्धा.

६

तीन कॅसेटींत एक. माणिकरावांनी वाटेत भाचीला हे दोनदा बजावलं, दोन्हीदा तिनं ऐकलं नाही.

गुरुजींच्या घराचं दार उघडंच होतं. त्यांची बायको धुरपताबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. माणिकरावांनी अवघडत विचारलं की लेकीच्या लग्नाच्या कॅसेटीत सुरुवातीला काही भलतंच आहे का.

धुरपताबाई हसल्या. "उलटा ड्रायव्हर? हाय की. आमाला वाटलं सूर्यभाननं कशाची जाहिरात टाकली. माझ्या दोघी नाती लग्न बघतच न्हाईत, त्यालाच बघतेत. मुंबईच्या मुलानं व्हिडिओ दिला तवापासून हाच धंदा. या ना, आत या. तुमी बी या आबा, उंबऱ्यात कशाला?"

तात्याराव उंबऱ्यात थबकले होते. उभ्या जन्मात असल्या घरात त्यांनी पाय टाकला नव्हता, हे त्यांच्या पायांकडं बघूनच कळत होतं. त्यांनी चपला काढल्या आणि आत येऊन भिंतीपाशी बसले. धुरपताबाईंनी पाणी दिलं. त्यांनी तांब्या रिकामा करून खाली ठेवला.

कॅसेट लागली. दोघी नाती, एक आठ वर्षांची आणि एक पाचाची, धावत येऊन खाटेवर उताण्या पडल्या आणि कडेवरून डोकी खाली सोडली. वेण्या जमिनीला टेकल्या. चित्र सरळ दिसावं म्हणून त्यांनी काढलेली ही युक्ती होती.

पडद्यावर जमीन वर आणि आभाळ खाली. लाल गाडीचं नाक, स्टिअरिंगवर दोन हात, कुरळ्या केसांचं मागून दिसणारं डोकं. इंजिनाचा असा आवाज की कपाटातली भांडी वाजायला लागली, आणि त्या आवाजावर ओरडणारा एक माणूस.

"हां, तिसरा टाकला," माणूस ओरडला. त्याच्या आधी अर्धा क्षण दोघी पोरी ओरडल्या होत्या. "चुना आला की ब्रेक," पोरी म्हणाल्या, मग तो म्हणाला. सगळं त्यांना तोंडपाठ होतं.

पद्मजा पडद्याच्या अगदी जवळ बसली होती. तिनं वळून माणिकरावांकडं पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. "मामा, हा त्यांचा आवाज न्हाई."

"तोच हाय पोरी. हात बघ की."

"हात त्यांचेच हायत. आवाज न्हाई. असं ते कधी बोललेच न्हाईत माझ्याशी." तिचे डोळे आता भरून आले. वर्षभर ज्याची वाट पाहिली, तो आवाज समोर आला आणि तिला ओळखू येईना. माणिकरावांना वाटलं, कशाला आणलं आपण हिला इथं, ती मुंग्यांतच बरी होती.

तिसरी फेरी, चौथी फेरी. शेवटच्या वळणावर एक मोठा ड्रम होता. "अन् हा ड्रम म्हंजे आमचे आबा," बन्सीधर ओरडला, आणि दोघी पोरी खिदळत त्याच्याबरोबर म्हणाल्या, "सरकत न्हाईत, आपणच वळायचं!"

"लय हसवतो बगा हा माणूस," धुरपताबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "आमी नेहमी म्हणतो, कुठं असंल हा?"

मग पद्मजा म्हणाली, "माझे मालक ते. गेल्या आषाढात गेले."

धुरपताबाईंचा हात तसाच राहिला. पोरींनी डोकी वर घेतली. आणि त्याच वेळी पडद्यावरची गाडी थांबली आणि बन्सीधरनं इंजिन बंद केलं.

खोलीत एकदम शांत झालं. उलट्या चित्रात त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. मग बोलला, अगदी हळू, जेवण झाल्यावर घरात बोलावं तसा. "लिंबाजी, आबांना एकदा शेजारी बसवायला पायजे रे. त्यांना वाटतंय मी जीव द्यायला जातो. एकदा बसले तर कळंल त्यांना, किती सांभाळून चालवतो मी."

आणि हारांनी सजवलेला बुद्ध आला, वऱ्हाड आलं, त्रिशरण सुरू झालं.

"हा," पद्मजा म्हणाली. तिनं दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते, आत गेलेलं बाहेर पडू नये म्हणून. "हाच. मामा, हाच तो."

भिंतीपाशी हालचाल झाली. तात्याराव उठून खाटेजवळ आले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "पोरींनो, सरका जरा," ते म्हणाले. "मला बी सरळ बघू द्या."

पोरी सरकल्या. सत्तरीला टेकलेला तो म्हातारा खाटेवर उताणा पडला. "असं नव्हं आजोबा, मान सोडून द्यायची," धाकटीनं शिकवलं. त्यांनी मान सोडली. पांढरे केस खाली लोंबले, डोळ्यांतलं पाणी कपाळावरून उलटं वाहायला लागलं, आणि उलट्या तोंडानं ते पडद्याकडं बघत राहिले.

पद्मजानं त्यांच्याकडं पाहिलं. त्यांच्या मानेखाली तिनं उशी सरकवली नाही. पण कॅसेट मागं फिरवायचं बटन तिनंच दाबलं, आणि फेरी पहिल्यापासून लावली.